नादार आणि हक्कदार

‘नादारी’ हा शब्द आजच्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेला असेल की नाही, याची मला शंका आहे. आमच्या पिढीला मात्र तो चांगलाच परिचयाचा होता. गरीब पालकाच्या मुलाची फी माफ करावयाची, तर त्या सवलतीला नादारी म्हणत आणि त्या मुलाला नादार. जूनमध्ये शाळा उघडली की छापील अर्ज मिळे. परिस्थिती गरिबीची आहे असे त्यात लिहून द्यावे लागे आणि खाली गावातल्या कोणा वजनदार गृहस्थाची सही लागे. त्या सहीसाठी माझे वडील सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्या गृहस्थांच्या ओसरीवर जाऊन बसत. मग एके दिवशी वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन येत आणि म्हणत, ‘‘नादारीची मुले उभी राहा.’’ आम्ही सात-आठ जण उभे राहत असू. नावे लिहून होईपर्यंत बाकीचा वर्ग आमच्याकडे पाहत असे.

त्या शाळेला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. त्या शाळेनेच मला शिकवले आणि त्या शिक्षकांच्या मनात दुष्टावा नव्हता. पण फी माफ झाली तरी ते उभे राहणे काही माफ झाले नाही, एवढे खरे. त्या वेळी मला नेमके काय बोचले ते सांगता आले नसते. पुढे इतिहासाचा अध्यापक झालो आणि अमेरिकेचा इतिहास शिकवण्याची वेळ आली, तेव्हा १८३५ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायदेमंडळात झालेले एक भाषण वाचनात आले. वाटले, हा गृहस्थ आमच्याच वर्गाविषयी बोलतो आहे! त्या वक्त्याचे नाव थॅडियस स्टीव्हन्स.

आपल्याकडील क्रमिक पुस्तकांत या माणसाच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. गुलामगिरी लिंकनने नष्ट केली, एवढे एक वाक्य पाठ करून विद्यार्थी परीक्षेला बसतो आणि उत्तीर्णही होतो. लिंकनचे मोठेपण मला अमान्य नाही. परंतु गुलामाची बेडी तोडणे निराळे आणि त्याला कायद्यापुढे बरोबरीचा माणूस म्हणून उभे करणे निराळे. हे दुसरे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांत स्टीव्हन्स अग्रभागी होता. माझे मत असे की, त्याच्या साऱ्या खटाटोपाचे सूत्र एकच होते : समाज दुबळ्याला जे देतो ते दान म्हणून देता कामा नये; ते हक्क म्हणून दिले पाहिजे. हे मत मी का बनवले, ते त्याच्या चरित्राच्या आधारेच सांगतो.

स्टीव्हन्सचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँटमधील डॅनव्हिल या गावी झाला. एक पाय जन्मतःच वाकडा. वडील कुटुंबाला वाऱ्यावर सोडून निघून गेले. चार मुलगे आईच्या गळ्यात. या बाईने काबाडकष्ट केले आणि मुलांना चांगली शाळा मिळावी म्हणून पीचम या गावी बिऱ्हाड हलवले. डार्टमथ कॉलेजातून १८१४ साली स्टीव्हन्स पदवीधर झाला, पेनसिल्व्हेनियात येऊन काही काळ त्याने मास्तरकी केली आणि कायद्याचा अभ्यास करून १८१६ मध्ये गेटिसबर्ग येथे वकिली थाटली. लंगडा म्हणून झालेली थट्टा आणि गरिबीचे चटके यांमुळे माणूस कडवट होतो किंवा दुसऱ्याचे दुःख जाणणारा होतो. स्टीव्हन्स दोन्ही झाला. त्याच्या जिभेला धार होती आणि ती त्याने अखेरपर्यंत म्यान केली नाही.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना डाग पुसून टाकण्याची आपल्याला खोड आहे. १८२१ साली चॅरिटी बटलर नावाच्या एका गुलाम स्त्रीचा खटला पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आला. तिला मेरीलँडमधून वेळोवेळी पेनसिल्व्हेनियात आणले गेले होते, आणि सहा महिने त्या राज्यात राहिलेला गुलाम मुक्त होतो, असा तेथील कायदा होता. प्रश्न एवढाच की, तुटक तुटक मुक्कामांची बेरीज करावयाची की सलग सहा महिने मोजावयाचे? सलगच मोजले पाहिजेत, असा युक्तिवाद मालकाच्या वकिलाने केला आणि तो जिंकला. चॅरिटी आणि तिची मुले गुलामगिरीतच राहिली. तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स.

त्याच्या मनाची पुढे काय अवस्था झाली, ते त्याने कोठे लिहून ठेवल्याचे मला ठाऊक नाही. पण १८२३ च्या स्वातंत्र्यदिनी गेटिसबर्गच्या समारंभात त्याने इच्छा प्रकट केली, ती अशी की, पुढचा राष्ट्राध्यक्ष कोणाही गुलामाच्या पायांत बेड्या न ठोकलेला असावा. पुढील आयुष्यात तो पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने कोर्टात उभा राहू लागला. पश्चात्तापाची भाषणे करण्यापेक्षा उरलेले आयुष्य विरुद्ध पारड्यात टाकणे, हा प्रायश्चित्ताचा अधिक सच्चा मार्ग आहे, असे मला वाटते. तरी चॅरिटी बटलरला त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही आपण विसरू नये.

आता त्या भाषणाकडे वळतो. पेनसिल्व्हेनियात १८०९ पासून गरिबांच्या मुलांना फुकट शिकवण्याचा कायदा होता. पण त्याची रीत कशी? आईबापांनी आपण निर्धन असल्याचे कबूल करावयाचे, सरकारी यादीत मुलांची नावे चढवावयाची आणि मग त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने द्यावयाचा. म्हणजे आमची नादारीच! कित्येक स्वाभिमानी आईबाप मुलांना घरी बसवीत, पण त्या यादीत नाव जाऊ देत नसत. १८३४ साली कायदेमंडळाने सर्वांसाठी सार्वजनिक शाळांचा कायदा केला. शाळा साऱ्यांची, खर्च साऱ्यांच्या करातून. लगेच ओरड सुरू झाली. आम्हाला मुले नाहीत, आम्ही दुसऱ्याच्या मुलांसाठी कर का भरावा? आमची मुले आमच्या धर्मपंथाच्या शाळेत जातात, आम्हाला ही शाळा हवी कशाला? कायदा रद्द करण्याच्या बाजूने विनंत्यांचा ढीग पडला. राज्याच्या सिनेटने तो रद्द करण्याचा ठराव मंजूर केला आणि प्रतिनिधिगृहही त्याच वाटेने जाणार, असे दिसू लागले. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या जिल्ह्यातही लोकमत कायद्याच्या विरुद्धच होते.

११ एप्रिल १८३५ रोजी तो बोलावयास उभा राहिला. पहिला घाव त्याने जुन्या रीतीवर घातला : तो शिक्षणाचा कायदा नव्हेच, गरिबांना डाग देऊन वेगळे काढण्याचा कायदा आहे. मग तो कराच्या प्रश्नाकडे वळला. गुन्हेगारांना पोसण्यासाठी आणि शिक्षा करण्यासाठी लागणारा कर नागरिक मुकाट्याने भरतो, मात्र मनुष्य गुन्हेगार होऊ नये म्हणून जो कर मागितला जातो त्याच्या नावाने तो खडे फोडतो, ही कोणती व्यवहारबुद्धी? भाषण संपले आणि सभागृहाचे वारे फिरले. कायदा टिकला. एका भाषणाने मते फिरण्याची उदाहरणे कायदेमंडळांच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांतले हे एक.

१८३५ हे वर्ष आपल्यालाही पाठ आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेकॉलेने आपला शिक्षणविषयक लेख सादर केला आणि मूठभरांना इंग्रजी शिकवण्याचे धोरण येथे रुजले. एकाच वर्षी दोन खंडांत दोन माणसांनी शिक्षणाविषयी मते मांडली. एकाची दृष्टी वरच्या थरावर, दुसऱ्याची यादीत नाव चढवायला लाजणाऱ्या बापावर. याहून अधिक मी बोलत नाही.

पुढच्याच टप्प्यावर स्टीव्हन्सच्या तत्त्वाची कसोटी लागली. १८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली. तीत मताचा अधिकार गोऱ्या पुरुषांपुरता मर्यादित करण्यात आला. घटना-परिषदेचा सभासद असूनही स्टीव्हन्सने त्या घटनेवर सही केली नाही.

मध्यंतरी त्याच्या लोखंडाच्या कारखान्याने त्याला कर्जाच्या गर्तेत लोटले. ते फेडण्यासाठी १८४२ मध्ये तो लँकेस्टरला आला आणि तेथील आघाडीचा वकील झाला. १८४८ साली तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला पकडून देणे हे उत्तरेच्या नागरिकाचेही कर्तव्य ठरवले. पुढच्याच वर्षी लँकेस्टर जिल्ह्यातील क्रिस्टियाना येथे गुलाम पकडावयास आलेला मेरीलँडचा एक मालक चकमकीत मारला गेला आणि तीसहून अधिक लोकांवर थेट राजद्रोहाचे आरोप ठेवण्यात आले. पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गृहस्थाचा. गुलाम पकडण्यास त्याने साहाय्य केले नाही, हे त्याच्या अपराधाचे मूळ! त्याच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. ज्यूरीने हॅनवेला थोड्याच मिनिटांत निर्दोष ठरवले. चॅरिटी बटलरच्या खटल्याला तेव्हा तीस वर्षे झाली होती.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. स्टीव्हन्स प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता. सैन्याला लागणारा पैसा उभा करणे, कर बसवणे, १८६२ मध्ये कागदी चलन काढणे ही सारी कामे त्या समितीतून झाली. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्याचा कारखाना शोधून जाळला; त्याची राजकीय मते हेच त्यामागचे कारण होते. ३१ जानेवारी १८६५ रोजी गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली. त्या चर्चेत विरोधक त्याला वारंवार डिवचत होते. काळे आणि गोरे सर्व बाबतींत समान आहेत असे याच्या तोंडून वदवून घ्यावे आणि डळमळीत मते पळवावीत, हा डाव. या तिखट जिभेच्या म्हाताऱ्याने त्या दिवसांत जीभ आवरली. आपण केवळ कायद्यापुढील समानता मागतो आहोत, असे त्याने सांगितले. २०१२ साली आलेल्या ‘लिंकन’ या चित्रपटात हा प्रसंग रंगवला आहे. तो पाहून कित्येकांनी स्टीव्हन्सचे नाव प्रथम ऐकले.

युद्ध संपले, लिंकनची हत्या झाली, चाळीस लाख माणसे मोकळी झाली. मोकळी म्हणजे कशी? घर नाही, जमीन नाही, मत नाही, कोर्टात साक्ष देण्याचीही बंदी. ६ सप्टेंबर १८६५ रोजी लँकेस्टरच्या सभेत स्टीव्हन्सने एक हिशेब मांडला. दक्षिणेत दोनशे एकरांहून अधिक जमीन असलेले सुमारे ७०,००० लोक आहेत आणि त्यांच्याकडे मिळून ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे. बंडखोरांची ही जमीन जप्त करावी, प्रत्येक प्रौढ मुक्त गुलामास चाळीस एकर द्यावी, उरलेली विकून युद्धाचे कर्ज फेडावे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसली, त्यांना ती देणे हे औदार्य नव्हे, ही थकलेली मजुरी आहे, असा त्यामागचा भाव होता. १८६७ मध्ये त्याने विधेयकही मांडले. ते मंजूर झाले नाही. त्याच्या पक्षातले भलेभलेसुद्धा खासगी मालमत्तेचे नाव निघताच मागे सरले.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. १३ जून १८६६ रोजी चौदाव्या घटनादुरुस्तीवर प्रतिनिधिगृहात अखेरचे मत व्हावयाचे होते. अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आणि कोणत्याही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारता येणार नाही, हा तिचा गाभा. ते शब्द मुख्यतः जॉन बिंगहॅमचे; सभागृहातून दुरुस्ती पार नेण्याची धुरा स्टीव्हन्सकडे. पण दुरुस्तीत काळ्यांना मताचा हक्क सरळ दिलेला नव्हता. स्टीव्हन्स उठला. गुणावाचून दुसरा भेद न मानणारा समाज उभा राहील असे स्वप्न मी तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत पाहिले, ते आता विरून गेले आहे, असे त्याने भर सभागृहात सांगितले. जुन्या इमारतीचे फार पडके भाग तेवढे डागडुजी करून घ्यावे लागत आहेत. मग अशा अपुऱ्या गोष्टीला तू मत का देतोस? कारण मी देवदूतांत राहत नाही, माणसांत राहतो.

सर्वनाश ओढवला तर शहाण्याने अर्धे सोडून द्यावे, असे आपले सुभाषित सांगते. सोडणारे पुष्कळ असतात. पण बहुतेक जण घरी येऊन सांगतात की, मिळाले तेच आम्हाला हवे होते. किंवा उरलेले अर्धे मागणारेच अविचारी आहेत. स्टीव्हन्सने अर्धे पत्करले आणि ते अर्धे आहे, हे त्याच क्षणी उघड सांगितले. राजकारणातील तडजोड आणि लाचारी यांतला फरक मला याच भाषणाने समजला.

त्याच्यावरील मुख्य आक्षेप असा की तो सूडबुद्धीचा होता. दक्षिणेची राज्ये जिंकलेले प्रांत समजावे, असे तो म्हणे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालवण्यात तो पुढे होता. १८६८ च्या मे महिन्यात सिनेटमध्ये तो एका मताने फसला. त्या दिवसांत स्टीव्हन्स इतका खंगला होता की त्याला खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणीत. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटात त्याच्यावरून बेतलेले एक खलपात्र आहे. जॉन केनेडी यांनीही १९५६ च्या आपल्या पुस्तकात त्याला माथेफिरू म्हणूनच रंगवले. आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. क्षमा त्याच्या स्वभावात नव्हती. पण क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? ज्याची पाठ चाबकाने सोलली त्याचा, की सिनेटरांचा? दीर्घकाळ इतिहासकारांची सारी करुणा मालकांच्या उद्ध्वस्त वाड्यांवर खर्च झाली. झोपडीपर्यंत पोचेतो ती आटलेली असे. अलीकडच्या दोन पिढ्यांतील संशोधकांनी हे पारडे बरेच सरळ केले आहे.

९ जुलै १८६८ रोजी चौदाव्या दुरुस्तीला पुरेशा राज्यांची संमती मिळाली. ११ ऑगस्टच्या रात्री स्टीव्हन्स वारला. लँकेस्टरच्या मोठ्या स्मशानभूमींच्या नियमांत काळ्या माणसाला जागा नव्हती, म्हणून सर्व वर्णांना घेणाऱ्या एका लहानशा दफनभूमीत त्याने स्वतःसाठी जागा निवडली होती, आणि तेच कारण थडग्यावर कोरविले आहे. मृत्युपत्रात अनाथ मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे ठेवले. अट अशी की वंश किंवा आईबापांचा धर्म पाहून कोणाला वगळू नये आणि सर्वांना एकाच टेबलावर जेवू घालावे. आपल्या भाषेत सांगायचे तर पंक्तिभेद नको! त्या देणगीतून १९०५ साली निघालेल्या शाळेचे आज लँकेस्टरमध्ये तंत्रशिक्षणाचे महाविद्यालय झाले आहे.

यानंतरची कथा निराशेची आहे आणि नाहीही. १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतून अंग काढून घेतले. काळ्यांचा मताधिकार बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे समान असतात, असा निर्वाळा दिला. जमीन मिळाली असती तर हे इतक्या सहजी झाले नसते, असे माझे मत आहे. ज्याच्या पोटाची चावी दुसऱ्याच्या कमरेला, त्याचे मत त्याचे राहत नाही. पण घटनेतले ते अर्धे वाक्य मात्र कोणाला खोडता आले नाही. १९५४ साली त्याच वाक्याच्या आधारे न्यायालयाने एकमताने सांगितले की काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा आहेत. पुन्हा शाळाच!

आणि ते वाक्य समुद्र ओलांडून आपल्याकडेही आले आहे. स्टीव्हन्स वारल्यानंतर पाचच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्यात कोणा एकाचे नाव नाही. ते योग्यच झाले, पण त्या अर्पणात स्टीव्हन्सचाही वाटा आहे, असे मी मानतो. न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेत डॉ. आंबेडकरांच्या मनावर चौदाव्या घटनादुरुस्तीचा ठसा उमटला होता, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये कायद्यापुढील समानतेच्या जोडीला कायद्याचे समान संरक्षण आहे, ते त्या दुरुस्तीतून आले. क्रमांक सारखा असणे हा योगायोग. आशय सारखा असणे हा योगायोग नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातले बरेच जण उद्या शिक्षक होतील, कारकून होतील, तलाठी होतील, वकील होतील. आज तुम्ही खिडकीच्या बाहेर रांगेत उभे आहात, तेव्हा आत बसाल. कोणीतरी मळकट कागद पुढे करील. त्यावर तुमची सही हवी असेल आणि ती देणे तुमचे कर्तव्यच असेल. तेव्हा त्याला ओसरीवर बसवून ठेवू नका, आणि त्याचे नाव चारचौघांत मोठ्याने वाचू नका. त्याचेच त्याला देत आहात, एवढे ध्यानात ठेवा. स्टीव्हन्सविषयीच्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत बरोबर आले नाही, तरी माझी तक्रार राहणार नाही.